गोळी पोटात गेली, पण विरघळली का?

काकांनी परवा दोन पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींवर औषधाचं नाव एकच होतं, फेनोफायब्रेट. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी करण्यासाठी ते देतात. जुन्या पट्टीवर २०० मिलिग्रॅम लिहिलेलं, नव्या पट्टीवर १४५. "डोस कमी केलाय म्हणजे माझी तब्येत सुधारलीय, हो ना?" काकांनी आशेनं विचारलं.

मला त्यांना खरं ते सांगावं लागलं. डोस कमी झालेलाच नाही. २०० ची कॅप्सूल, १६० ची गोळी आणि १४५ ची गोळी, तिन्हींमधून रक्तात पोचणारं औषध जवळपास सारखंच असतं. त्याहून जुनी ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल होती, तीही याच रांगेतली. आकडा उतरत गेला कारण गोळी बनवण्याची पद्धत बदलत गेली. औषधाचा रेणू तोच राहिला.

मी याच कामात आहे. औषधाची पावडर आणि रुग्ण यांच्या मधला जो टप्पा असतो, म्हणजे त्या पावडरीची गोळी, कॅप्सूल, सिरप किंवा इंजेक्शन करणं, त्याला आम्ही फॉर्म्युलेशन म्हणतो. लोक मिलिग्रॅम वाचतात आणि तेच औषध समजतात. मिलिग्रॅम म्हणजे पोटात काय टाकलं त्याचा हिशोब. रक्तात काय आलं तो हिशोब वेगळा, आणि दोन्हींच्या मध्ये एक साधी पण हट्टी अडचण उभी असते: विरघळणं.

विरघळण्यावर इतकं का अडतं?

गिळलेली गोळी जठरात फुटते, तिचे कण होतात, ते कण पोटातल्या पाण्यात विरघळतात. विरघळलेले सुटे रेणूच आतड्याच्या अस्तरातून पलीकडे रक्तात जाऊ शकतात. कण कितीही बारीक असला तरी तो कणच. त्याला त्या दारातून सहसा प्रवेश नसतो. शिवाय वेळ मोजका असतो. लहान आतड्यातून माल पुढे सरकायला साधारण तीन ते चार तास लागतात. तेवढ्यात जे विरघळलं ते कामी आलं, उरलेलं बहुतांशी शौचावाटे बाहेर.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं जाईल. एक, ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळू शकतो. ही मर्यादा म्हणजे विद्राव्यता. दोन, तो किती वेगानं विरघळतो. खडीसाखर आणि पिठीसाखर घ्या. दोन्हींची विद्राव्यता सारखीच, कारण शेवटी दोन्ही साखरच. पण पिठीसाखर लगेच दिसेनाशी होते आणि खडा तळाशी बसून राहतो. या वेगाचं गणित आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडलं: पाणी संपृक्त व्हायला अजून जितकी जागा शिल्लक, तितका वेग जास्त. पुढे त्यात कणांच्या पृष्ठभागाची भर पडली. आजही आमच्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

औषध 'चांगलं विरघळणारं' कधी म्हणायचं याचा एक व्यावहारिक मापदंड आहे. सगळ्यात मोठा डोस २५० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे गोळीबरोबर आपण पितो त्या पेलाभर पाण्यात, पूर्ण विरघळला पाहिजे. आणि तोही जठरातल्या तीव्र आम्लापासून आतड्यातल्या जवळपास उदासीन पाण्यापर्यंत सगळीकडे. औषधांचे असे गट पाडण्याची पद्धत गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली.

आता इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध बघा. साध्या, उदासीन पाण्यात त्याची विद्राव्यता लिटरला साधारण एक मायक्रोग्रॅम. म्हणजे १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल पूर्ण विरघळवायची तर एक लाख लिटर पाणी लागेल. पाण्याचे दहा मोठे टँकर, आणि आपल्या हातात एक पेला!

औषधं अशी हट्टी का असतात?

बाजारातल्या औषधांपैकी साधारण ४० टक्के औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, असा अंदाज या क्षेत्रात सर्रास दिला जातो. संशोधनात असलेल्या नव्या रेणूंमध्ये हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे.

याला कारण आहे. शरीरातल्या ज्या प्रथिनांवर औषध जाऊन बसतं, त्यांच्या खाचा बरेचदा तेलकट स्वभावाच्या असतात. पेशीचं आवरणही मेदाचंच. तिथे रुळणारा रेणू पाण्यापासून लांबच राहणार. म्हणजे ज्या गुणामुळे औषध लागू पडतं, त्याच गुणामुळे ते पोटातल्या पाण्यात अडकतं.

आमच्यात अशा औषधांना दोन टोपणनावं आहेत: विटेची भुकटी आणि तेलाचा गोळा. विटेच्या भुकटीत रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की पाणी त्यांना सोडवू शकत नाही. असे पदार्थ वितळायलाही खूप उष्णता मागतात. तेलाच्या गोळ्यात रेणूंची आपसातली पकड सैल असते, पण पाण्याशी त्यांचं जमतच नाही. भुकटीचा उपाय गोळ्याला चालत नाही, आणि औषध या दोन्हींपैकी कोणत्या जातीचं आहे हे ओळखण्यातच निम्मं काम असतं.

मग डोस वाढवा की!

हा प्रश्न मला हमखास येतो. पण पाणी एकदा संपृक्त झालं की वरून टाकलेलं सगळं तळाशी बसतं. डोस दुप्पट केला म्हणून रक्तातलं औषध दुप्पट होत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते दर वेळी वेगळं येतं. जेवणानंतर आतड्यात पित्तरस उतरतो. तो साबणासारखं काम करतो आणि तेलकट औषधाला पाण्यात धरून ठेवतो. म्हणून तीच गोळी भरल्या पोटी भरपूर लागू पडते आणि उपाशीपोटी निम्मीही नाही, असं होऊ शकतं. जुनं फेनोफायब्रेट जेवणाबरोबरच घ्यावं लागायचं. १४५ ची गोळी जेवणाआधी घ्या किंवा नंतर, फारसा फरक पडत नाही. माझ्या मते मिलिग्रॅम कमी होण्यापेक्षा ही सुधारणा मोठी आहे, कारण घड्याळाच्या काट्यावर जेवणारा रुग्ण विरळा.

बारीक, आणखी बारीक

फेनोफायब्रेटमध्ये केलं काय, तर कण बारीक केले. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. आणखी दहापट बारीक केले तर ६० चौरस मीटर, म्हणजे एका मध्यम घराएवढी फरशी. पाण्याला चाटायला तेवढी जागा मिळाली की विरघळण्याचा वेग वाढतोच.

३०० वरून २०० वर येताना कण मायक्रॉनच्या घरात आणले होते. १४५ च्या गोळीत ते आणखी खाली, नॅनो पातळीवर गेले. असं दळण कोरडं होत नाही. औषध पाण्यात कालवून बारीक मण्यांबरोबर तासन्‌तास घुसळतात आणि कण पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर एखाद्या पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा, लेप राहील असं बघतात. हा लेप फसला तर मेहनत वाया, कारण बारीक कणांची ओढ पुन्हा गोळा होण्याकडेच असते. ग्रायसिओफल्विन हे बुरशीवरचं जुनं औषधही असंच अतिसूक्ष्म केलं, तेव्हा आधीच्या दोन तृतीयांश डोसात काम भागू लागलं.

पण दळण्यानं मुख्यतः वेग वाढतो. विद्राव्यतेची मर्यादा जवळपास जिथल्या तिथे राहते. ज्या औषधाची मर्यादाच पाताळात आहे, त्याला हा उपाय पुरत नाही.

घट्ट रचना मोडायची

मला या कामातला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे.

बहुतेक औषधं स्फटिकरूपात असतात: रेणू ओळीनं, शिस्तीत, हातात हात घालून उभे. ही रांग मोडली आणि रेणू वेडेवाकडे, काचेत असतात तसे विस्कळीत राहिले, तर पाण्याला प्रत्येक रेणू सोडवायला कमी ताकद लागते. औषध नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट विरघळतं. अडचण अशी की रेणूंना पुन्हा रांगेत यायचं असतं. वर उसळी मारलेलं औषध काही मिनिटांत पुन्हा स्फटिक होऊन तळाशी बसू शकतं. म्हणून औषधाबरोबर पॉलिमर मिसळतात. तो रेणूंच्या मध्ये उभा राहतो आणि रांग लागू देत नाही. आमच्या भाषेत पहिली 'स्प्रिंग', दुसरं 'पॅराशूट': आधी उंच उडवायचं, मग सावकाश खाली येऊ द्यायचं. त्या सावकाश उतरण्याच्या वेळात आतडं आपलं काम उरकतं.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलमध्ये हेच केलेलं असतं. आत पावडर नसते. बारीक मण्यांसारखे गोल दाणे असतात. मधला गाभा साखरेचा, त्यावर औषध आणि पॉलिमर यांचा एकजीव थर. आधी ते दोन्ही एका द्रावणात विरघळवून फवारतात आणि वाळवतात. वाळताना औषधाला रांग लावायला सवड मिळत नाही. एक लाख लिटरचा प्रश्न त्या दाण्यावरच्या पातळ थरात सुटतो, अर्थात जठरातल्या आम्लाची मदत घेऊन. म्हणूनच ही कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायला सांगतात आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर ती नीट लागू पडत नाही.

या एका तंत्रानं काय घडू शकतं याचं वेमुराफेनिबपेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही. हे त्वचेच्या मेलानोमा नावाच्या कर्करोगावरचं औषध. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत ते स्फटिकरूपात दिलं, डोस वाढवत नेला, तरी रक्तातली पातळी पुरेशी चढेना. चाचणी थांबवली आणि औषध पॉलिमरमध्ये विस्कळीत रूपात नव्यानं घडवलं. पुढे ठरलेल्या डोसावर, हे औषध ज्या विशिष्ट जनुकीय बदलावर काम करतं तो ज्यांच्या गाठीत होता अशा ३२ रुग्णांपैकी २६ जणांच्या गाठी आकसल्या. २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पहिल्या रूपावरच निकाल लावला असता तर एक कामाचा रेणू 'निरुपयोगी' म्हणून फडताळात गेला असता.

उलटी बाजूही सांगायला हवी. एचआयव्हीवरचं रिटोनावीर १९९६ मध्ये कॅप्सूलरूपात आलं. १९९८ मध्ये काही खेपा विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. तपासलं तेव्हा कळलं की त्याच रेणूनं एक नवी, जास्त घट्ट रचना धरली आहे, आणि ती फारच कमी विरघळते. तिचा अंश जिथे पोचला तिथे तो बियाण्यासारखा काम करू लागला आणि जुनं रूप बनवणंच अवघड झालं. कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली आणि रुग्णांना अतिशय कडवट द्रव औषधावर दिवस काढावे लागले. त्यानंतर फ्रिजमध्ये ठेवावी लागणारी कॅप्सूल आली. पुढे औषध आणि पॉलिमर एकत्र तापवून, यंत्रातून दाबून काढायच्या पद्धतीनं रिटोनावीरची अशी गोळी बनली की तिला फ्रिजच लागत नाही. जिथे वीज भरवशाची नाही तिथल्या रुग्णांसाठी ही किती मोठी गोष्ट होती, हे आकड्यांत सांगता येणार नाही.

मीठ, तेल आणि कडं

बाकीचे मार्ग थोडक्यात. औषध आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असेल तर त्याचं क्षार करतात, मीठ असतं तसं. नाप्रोक्सेन सोडियमच्या २७५ मिलिग्रॅममध्ये मूळ नाप्रोक्सेन २५० मिलिग्रॅमच असतं. वरचं वजन सोडियमचं, पण त्याच्यामुळे ते लवकर विरघळतं आणि दुखणं लवकर कमी होतं. तेलाच्या गोळ्याला तेलातच विरघळवून, सोबत साबणासारखा घटक घालून कॅप्सूलमध्ये भरता येतं; पोटात गेल्यावर त्याचे आपोआप अतिसूक्ष्म थेंब होतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना लागणारं सायक्लोस्पोरिन या पद्धतीनं खूपच भरवशाचं झालं. तिसरा मार्ग सायक्लोडेक्स्ट्रिनचा. स्टार्चपासून बनणारं हे ग्लुकोजच्या सहा, सात किंवा आठ कड्यांचं वर्तुळ. बाहेरून पाण्याला आवडणारं, आतून तेलकट. औषधाचा रेणू आतल्या पोकळीत बसतो आणि पाण्याला फक्त बाहेरची बाजू दिसते. कोविडच्या काळात गाजलेलं रेमडेसिवीरचं इंजेक्शन अशाच एका सायक्लोडेक्स्ट्रिनच्या आधारानं पाण्यात उतरतं.

दुसऱ्या द्रवात विरघळवून दिलं तर?

देतात, पण तो द्रव कोणता यावर जीव अवलंबून असतो. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीला सल्फानिलामाइड हे जंतूंवरचं औषध पातळ रूपात हवं होतं. ते पाण्यात नीट विरघळेना. डायइथिलीन ग्लायकॉल या द्रवात मात्र छान विरघळलं. रंग, वास, चव तपासली. तो द्रव माणसाला विषारी आहे का, हे कोणी तपासलं नाही. शंभरावर माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवून द्यावं लागेल, असा कायदा अमेरिकेत १९३८ मध्ये झाला तो यामुळे.

हे जुनं प्रकरण म्हणून मिटलेलं नाही. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. ते शुद्ध असेल तर ठरलेल्या प्रमाणात चालतं. पण त्यात हेच विष मिसळलेलं निघाल्यानं मुलं दगावण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत; २०२२ मध्ये गांबियातल्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं जगभर इशारा दिला होता. विद्रावकाचं प्रत्येक पिंप तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. ते कोणी टाळलं की मला खरोखर संताप येतो, कारण तपासायची पद्धत ठाऊक आहे आणि हातात आहे.

घरी गोळी कुटून घेतली तर लवकर विरघळेल?

असा समज करून घेऊ नका. खलबत्त्यात कुटलेला कण डोळ्यांना दिसतो, म्हणजे तो मायक्रॉनच्या हिशोबात डोंगर आहे. उलट नुकसान होऊ शकतं. लोपिनावीर आणि रिटोनावीर या एचआयव्हीवरच्या औषधांची एकत्र गोळी कुटून मुलांना दिली तेव्हा रक्तात येणारं औषध जवळपास निम्म्यानं घटलं. अख्खी गोळी ज्या पद्धतीनं घडवली होती, तोच तिचा गुण होता. गोळी गिळता येत नसेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. बरेचदा त्याच औषधाचं द्रव रूप मिळतं. आणि गोळी शक्यतो मूळ पट्टीतच राहू द्या. हवेतला ओलावा विस्कळीत रेणूंना पुन्हा रांगेत यायला मदत करतो.

जास्त विरघळणारं ते जास्त चांगलं का?

नाही. हृदयासाठी दिलं जाणारं डिगॉक्सिन थोडं कमी पडलं तर उपयोग नाही आणि थोडं जास्त झालं तर विष. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या ठिकाणी बनलेल्या त्याच डोसाच्या गोळ्यांतून रक्तात येणाऱ्या औषधात सातपटीपर्यंत फरक आढळला. त्याआधी १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फिट्सवरच्या फेनिटोइनच्या कॅप्सूलमधलं नुसतं भरणद्रव्य बदललं, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आलं, आणि नेहमीचाच डोस घेणाऱ्या रुग्णांना विषबाधा झाली.

अशा अनुभवांतूनच जेनेरिक औषधांची आजची परीक्षा उभी राहिली: निरोगी स्वयंसेवकांना मूळ औषध आणि जेनेरिक दोन्ही देऊन रक्तातलं प्रमाण मोजायचं. दोन्हींच्या गुणोत्तराचा अंदाज, त्यातल्या अनिश्चिततेसकट, ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसला पाहिजे. याचा अर्थ 'जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं' असा बरेच जण लावतात, तो चुकीचा आहे. अनिश्चिततेसकट चौकटीत बसायचं तर प्रत्यक्ष सरासरी फरक बराच लहान असावा लागतो. मात्र एकाच औषधाचे वेगळे प्रकार, जसं पोसाकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचं द्रव आणि त्याची गोळी, डोस न बदलता एकमेकांच्या जागी घेता येत नाहीत. तिथे मिलिग्रॅम जुळवून स्वतःच अदलाबदल केली तर धोका आहे.

जिथे न विरघळणंच हवं असतं

इतका वेळ ज्याच्याशी झगडलो, तेच काही औषधांत मुद्दाम घडवून आणतात. स्किझोफ्रेनियावरच्या पॅलिपेरिडोनला मेदाम्लाची शेपटी जोडून ते पाण्यात आणखी कमी विरघळेल असं करतात आणि त्याचे स्फटिक स्नायूत टोचतात. ते हळूहळू झिजतात. बारीक कणांचं इंजेक्शन महिनाभर पुरतं, मोठ्या कणांचं तीन महिने. रोजची गोळी विसरली की आजार उलटतो, अशा रुग्णाच्या घरच्यांना विचारा याचा अर्थ काय.

एचआयव्हीपासून बचाव करणारं लेनाकॅपावीर सध्या बातम्यांत आहे, तेही याच जातीचं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला या वापरासाठी मंजुरी मिळाली. त्वचेखाली त्याचा साठा बसतो आणि थोडं थोडं औषध रक्तात सुटत राहतं. पुढचं इंजेक्शन सहा महिन्यांनी.